कॅसेट, निगेटिव्ह आणि पेन ड्राइव्ह

घरातल्या जुन्या कॅसेट डिजिटल करून घ्यायच्या असतील, तर पैसे देण्याआधी दुकानदाराला एक विचारा: फाइल कोणत्या प्रकारात देणार?

सीडीच्या दर्जाचा तासभराचा आवाज सुमारे ६३५ एमबी जागा घेतो. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत तोच ५८ एमबीमध्ये मावतो, पण त्यासाठी आवाजातला बराच तपशील कायमचा गाळला जातो. बाजारात सहज मिळणाऱ्या नाट्यगीतांना एमपीथ्री चालेल. आजीच्या ओव्यांची घरी भरलेली कॅसेट मात्र जगात एकच आहे. ती डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्येच मागा. फ्लॅक जागा वाचवतं आणि आवाजातलं काहीही गाळत नाही.

फोटोंच्या बाबतीत प्रिंटऐवजी निगेटिव्ह स्कॅन करून घ्या, तिच्यात बारकावे अधिक असतात. आणि स्कॅन झालं म्हणून ती फेकू नका, हे अगदी कळकळीनं सांगते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशी लागते. सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात ठेवा. डिजिटल फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या असतील, तर तो अचानक बंद पडू शकतो. म्हणून सगळ्या फाइलींची दुसरी प्रत हार्ड डिस्कवर घ्या आणि ती शक्यतो दुसऱ्या घरी, मुलीकडे किंवा भावाकडे ठेवा.