शाळेचा नागा आणि घराचे पंचांग



शाळा उघडायला आता थोडेच दिवस राहिले आहेत. या दिवसांत मुलांच्या गैरहजेरीचा विषय निघाला की कर्नाटकाच्या सीमाभागात, भालकी असो, औराद असो की आळंद, कोणत्याही बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते: आपल्याकडच्या पालकांनाच शिक्षणाची किंमत नाही. मला हे वाक्य मान्य नाही आणि आज मी त्याच्याविरुद्धच बोलणार आहे. १९९६ साली उत्तरेतल्या, तेव्हा शिक्षणात सर्वांत मागे समजल्या जाणाऱ्या राज्यांच्या खेड्यांत ‘प्रोब’ नावाची मोठी पाहणी झाली. मुलाला शिकवणे महत्त्वाचे आहे का, या प्रश्नाला मुलग्यांच्या बाबतीत ९८ टक्के पालकांनी होकार दिला, मुलींच्या बाबतीत ८९ टक्के पालकांनी. जिथे शाळा गळक्या आणि मास्तर बेपत्ता, तिथल्या पालकांचे हे उत्तर आहे. मग बीदर आणि कलबुर्गीचा पालक, जो पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवायला धडपडतो, त्याला शिक्षणाची किंमत कळत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? इच्छा कमी नाही. मुलाचा नागा पालकाला दिसत नाही, आणि शाळेचे दिवस घराच्या दिवसांशी जुळत नाहीत. या दोन गोष्टींवर काम केले तर पालकाला खरी मदत होईल. बाकीचे सगळे उपदेश आहेत.

नागा दिसत नाही म्हणजे काय, ते आधी पाहू. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवले आहेत. एखादी मुलगी महिन्यातून दोन दिवस घरी राहिली तर आईला वाटते, दोनच दिवस तर राहिली. एकदा बाजाराचा दिवस होता, एकदा अंगात कणकण होती. दहा महिन्यांत हे वीस दिवस होतात, म्हणजे पहिली ते पाचवीच्या वर्षातला दहावा हिस्सा गेला. आजारपणाचा एक आठवडा धरला की त्याहून अधिक. सलग सात दिवस न आलेल्या मुलाची चौकशी झाली पाहिजे असा नियम कर्नाटकात आहे, आणि तो चांगलाच आहे. पण सुटे सुटे दोन दिवस त्या जाळ्यात येतच नाहीत. ते हजेरीपटावर असतात, कपाटात बंद असतात, आणि घरातल्या कुणाच्याही हिशेबात नसतात.

या बाबतीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात झालेला एक प्रयोग फार बोलका आहे. टॉड रॉजर्स आणि अवी फेलर या संशोधकांनी सुमारे अठ्ठावीस हजार घरांवर तो केला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जास्त गैरहजर राहणाऱ्या मुलांच्या पालकांना आपल्या मुलाच्या खाड्यांची जी संख्या वाटत होती, ती प्रत्यक्षाच्या जवळपास निम्मी होती. वर्षातून काही वेळा त्यांना टपालाने फक्त एवढेच कळवले गेले की तुमचे मूल आतापर्यंत इतके दिवस आले नाही. दंड नाही, बोलावणे नाही. तेवढ्यावर सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण दहा टक्के किंवा त्याहून अधिक घटले. आणखी एक गोष्ट त्यात निघाली, ती आपल्या गावांनी नीट लक्षात घ्यावी अशी आहे. काही पत्रांत वर्गातल्या इतर मुलांचीही हजेरी दिली होती. त्या तुलनेचा वेगळा असा काही फायदा दिसला नाही. तेव्हा फळ्यावर गैरहजर मुलांची नावे लिहिणे, पालक सभेत एखाद्याला उभे करून विचारणे, याने काही साधेल असे मला वाटत नाही. उलट तो पालक पुढच्या सभेला येणार नाही.

फिलाडेल्फियाचे टपाल जसेच्या तसे इथे चालणार नाही, हे खरे. २०११ च्या जनगणनेत बीदर जिल्ह्याची साक्षरता ७०.५१ टक्के होती आणि तेव्हाच्या गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्याची ६४.८५. स्त्रियांची पाहिली तर बीदरला ६१.५५ आणि गुलबर्ग्याला ५५.०९. शिवाय साक्षर असणे म्हणजे शाळेची चिठ्ठी वाचता येणे, असे सीमाभागात धरता येत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या आईच्या हाती कन्नड परिपत्रक आले तर ती ते घडी घालून डब्यात ठेवते. तिला कन्नड बोललेले कळते, बाजारात ती बोलतेही, पण छापील ओळ तिच्यासाठी परकी आहे. म्हणून इथे खाड्यांची संख्या तिच्या भाषेत, तोंडी आणि ठरलेल्या दिवशी सांगितली गेली पाहिजे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकाने फोन करून ‘गेल्या महिन्यात तीन दिवस आली नाही, जूनपासून अकरा झाले’ एवढे एक वाक्य सांगितले तरी पुरे. तीस मुलांच्या वर्गात असे फोन फार तर दहा घरांना करावे लागतील.

आता घराच्या पंचांगाकडे वळतो, कारण सीमाभागाचा खरा पेच तिथे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले आणि जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. नकाशा बदलला, पण सोयरिकी बदलल्या नाहीत. भालकीच्या लेकी आजही उदगीरला दिल्या जातात, औरादला देगलूरच्या सुना येतात, आळंदचे पाहुणे अक्कलकोट आणि उमरग्याला असतात. कर्नाटकातली शाळा मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत उघडते, मराठवाड्यातली जूनच्या मध्यावर. त्यामुळे तिकडची लग्ने आणि मामाच्या गावचा मुक्काम जूनच्या पंधरवड्यापर्यंत सहज लांबतो. तिकडच्या मुलांना सुट्टीच असते, म्हणून आपलेही मूल थांबते. पण कर्नाटकातल्या शाळांत याच सुरुवातीच्या दिवसांत ‘सेतुबंध’ चालतो, म्हणजे मागच्या इयत्तेतले कच्चे राहिलेले पक्के करून घेण्याचे काम. ज्या मुलाला त्याची सर्वांत जास्त गरज, तेच बहुधा मामाकडे असते. ते येते तेव्हा नवा धडा सुरू झालेला असतो.

दिवाळीचेही तसेच आहे. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला असते आणि दिवाळीला मोजकेच दिवस. महाराष्ट्रात मोठी सुट्टी दिवाळीची. मराठी घरातली बाई भाऊबीजेला माहेरी जाणार, आणि माहेरी गेलेली बाई दुसऱ्या दिवशी परतत नाही. मुले तिच्यासोबत असतात, शाळा मात्र भरलेली असते. शेतीचे दिवस यात मिळवा: श्रावण-भाद्रपदात मूग-उडदाच्या शेंगा तोडायची घाई, मग सोयाबीनची काढणी, पौषाच्या आसपास तुरीच्या राशी आणि मध्ये येळवस. येळवशीला अख्खे गाव शेतात जेवायला जाते, त्या दिवशी वर्गात कोण बसणार? यातले कोणतेही कारण आळसाचे नाही. एका घराला दोन राज्यांची पंचांगे आणि तिसरे पिकाचे सांभाळावे लागते, आणि त्या ओढाताणीत शाळेचा दिवस सर्वांत स्वस्त पडतो, कारण तो बुडाल्याची ओरड कुणी करत नाही.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शाळेचे वार्षिक वेळापत्रक जिल्हा पातळीवर ठरावे अशी शिफारस होती. ती पूर्णपणे अमलात येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. स्थानिक सुट्ट्यांची जी थोडी मुभा आहे ती येळवस आणि गावच्या जत्रेसाठी आधीच ठरवून वापरता येते. दसऱ्याच्या सुट्टीत माहेरपण आणि दिवाळीत फक्त भाऊबीजेचा दिवस, असे घरात आधी बोलता येते. पण त्यासाठी शाळेने वर्षाच्या सुट्ट्यांचा कागद जूनमध्येच, मराठीत, घरोघरी दिला पाहिजे. लग्नाची तारीख धरताना भटजीच्या पंचांगाशेजारी तो कागद असला तर पुष्कळ घरे तो पाहतील, असा माझा विश्वास आहे.

उशिराबद्दल थोडक्यात सांगतो. सहावी ते आठवीसाठी कायद्याने वर्षाला हजार तास अध्यापन ठरवले आहे. रोज अर्धा तास उशीर झाला तर २२० दिवसांत ११० तास जातात, दहाव्या हिश्शाहून जास्त. आणि हे मूल हजेरीपटावर मात्र पूर्ण हजर दिसते. लहान मुलांच्या बाबतीत २०१३ पासून सुरू झालेल्या ‘क्षीरभाग्य’ योजनेतले सकाळचे दूध ही वेळेवर येण्याची चांगली ओढ आहे. उशिरा येणाऱ्याचे दूध चुकते, हे आईला सांगावे. हायस्कूलच्या मुलींचा उशीर मात्र घरात ठरत नाही, तो एसटीवर ठरतो. जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत त्यांचा प्रवास फुकट झाला, पण सकाळची एकच गाडी भरून आली आणि फाट्यावर थांबली नाही तर फुकट तिकिटाचा उपयोग नाही. तिथे आईबापाला बोल लावणे अन्यायाचे आहे. ग्रामपंचायतीने ठराव करून आगाराकडे गाडीची वेळ मागितली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की भीतीशिवाय काही होत नाही, पालकांना दंड करा. दंडाला आपल्याकडे मोठा आणि आदरणीय इतिहास आहे, म्हणून हा आक्षेप मी हलका मानत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते बडोदा संस्थानभर नेले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्ती आणली आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे सक्तीची मागणी केली होती. पण त्या काळी मूल शाळेत अजिबात घातलेच जात नव्हते. ते दार उघडण्यासाठी सक्ती लागली. आज पट भरलेला आहे, आणि प्रश्न अधूनमधून बुडणाऱ्या दिवसांचा आहे. २००९ च्या कायद्याने मुलाला दाखल करण्याचे कर्तव्य पालकावर ठेवले, पण शिक्षा ठेवली नाही, आणि मला ते शहाणपणाचे वाटते. दंड कुणाला बसेल याचा विचार करा. धाकट्या भावाला सांभाळायला मोठी मुलगी घरी राहते, कारण आईला रोजगाराला जायचे असते. त्या आईची एका दिवसाची मजुरी दंड म्हणून घेतली तर ती मजुरी भरून काढायला मुलगी आणखी एक दिवस घरी बसेल. तिला दंड नको, पाळणाघर हवे. रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या लहान मुलांसाठी कर्नाटकात २०२३-२४ पासून ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ नावाची पाळणाघरे आली आहेत. आपल्या पंचायतीत ते सुरू आहे का आणि ते शाळेच्या वेळेआधी उघडते का, हे विचारणे ही हजेरी वाढवण्याचीच गोष्ट आहे. गरज ओळखून दिलेली मदत काम करते, याचा पुरावा याच भागात आहे. २००२ मध्ये ‘अक्षर दासोह’ हे दुपारचे जेवण कर्नाटकात सर्वांत आधी सुरू झाले ते बीदर, गुलबर्ग्यासह उत्तरेकडच्या सात जिल्ह्यांत, कारण गरज इथे सर्वांत मोठी होती. प्रोबच्याच आकडेवारीवर जाँ द्रेझ आणि गीता किंगडन यांनी दाखवले होते की जिथे शाळेत जेवण मिळते तिथे शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी जास्त असते.

ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जाणारी तांड्यावरची कुटुंबे, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. उचल घेतलेल्या बापाला फोन करून मुलाचे खाडे सांगण्यात अर्थ नाही. मूल त्याच्याबरोबर फडात आहे. महाराष्ट्रात बीडसारख्या जिल्ह्यांत अशा मुलांना गावातच आजी-आजोबांकडे ठेवून जेवण देणारी हंगामी वसतिगृहे चालवली गेली. आपल्याकडे तसे काही उभे करायचे असेल तर मुकादम दसऱ्याच्या सुमारास टोळ्या भरतो, त्याआधी, म्हणजे भाद्रपदातच मुलांची यादी हाती हवी.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो पालकांचाच आहे: मास्तर तरी वेळेवर येतात का? मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातल्या सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी दिल्या गेल्या, तेव्हा २५ टक्के शिक्षक शाळेत नव्हते. मराठी शाळांतल्या रिकाम्या जागांचा प्रश्न याच्यावर आणखी आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर पालकाला गप्प करून देता येणार नाही. शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या समितीच्या दर महिन्याच्या बैठकीत मुलांच्या हजेरीबरोबर शिक्षकांची हजेरी आणि रिकाम्या जागाही वाचल्या जाव्यात, मुलांची नावे न घेता, वर्गवार. जो पालक शिक्षकाच्या खाड्यांबद्दल विचारू शकतो, त्याला आपल्या मुलाचे खाडे ऐकायला कमीपणा वाटत नाही. औराद आणि भालकीतल्या मराठी शाळांनी तरी येत्या जूनच्या पहिल्याच बैठकीत दोन कागद टेबलावर ठेवावेत: मराठीत लिहिलेला वर्षाच्या सुट्ट्यांचा आणि सरत्या वर्षाच्या वर्गवार खाड्यांचा. कोणत्या महिन्यात वर्ग रिकामे झाले ते दिसले, की त्या महिन्यात गावात काय चालले होते हे समितीतल्या बायाच सांगतील.