दाखला आधी, खुर्ची नंतर?



लेणी, वस्तुसंग्रहालय वा सार्वजनिक बाग येथे एखाद्या अपंगाने चाकांची खुर्ची किंवा रांगेतून सूट मागितली, की 'दाखला आहे का?' असा प्रश्न येतो. त्यात वावगे काय, असे आपल्यापैकीही पुष्कळांना वाटते. बनावट दाखल्यांची प्रकरणे उघडकीस आलेली आहेत. तेव्हा ही शंका अगदीच निराधार नाही.

अर्थशास्त्राचा अभ्यासक या नात्याने मी मात्र आधी विचारीन, की लबाडाच्या पदरात पडणार तरी काय? राखीव नोकऱ्या मोजक्या असतात. तेथे एकाने बळकावलेली जागा दुसऱ्याच्या हक्कातून जाते. तेथे पुरावा अवश्य मागावा. परंतु उतरता रस्ता, कठडा, बसावयास बाक यांत चोरण्याजोगे काय आहे? घारापुरीच्या लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या चढाव्या लागतात. दाखला कितीही अस्सल असला तरी त्यांतील एकही कमी होत नाही. (सरकारी भाषेत 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले, पायऱ्या होत्या तेथेच आहेत.)

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. ४० टक्क्यांची अट आहे ती आरक्षणासारख्या लाभांसाठी. वाजवी सोय मिळण्यास ती अट लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात, स्पष्ट केले. आणि हा दाखला फुकट पडत नाही. रुग्णालयाच्या खेपांत रोजंदारीवरील माणसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. २०२४ च्या सुधारित नियमांनी तो देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली. हृदयविकार तर त्या २१ प्रकारांत नाहीच. गरोदर स्त्रीने कोणता दाखला दाखवावा?

रांगेची गोष्ट थोडी निराळी, कारण तेथे वेळेची टंचाई असते. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत श्रीमंत कुटुंबे रांग टाळण्यासाठी अपंगांना भाड्याने सोबत नेतात, अशा बातम्या २०१३ साली आल्या आणि नियम बदलले. २०२४ मध्ये ही सवलत मुख्यत्वे स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती आखडली गेली. त्याच वर्षी त्याच कंपनीने, दिवसाला शेकडो डॉलर मोजणाऱ्यास रांग चुकविता येईल असा पास विक्रीस काढला! आपल्या मोठ्या देवस्थानांतही पैसे भरून दर्शन लवकर मिळते. त्या भाविकाला त्याच्या घाईचा पुरावा कोणी मागत नाही. रांग चुकविण्यास बाजारात किंमत आली, की लबाडीलाही किंमत येते, आणि तिची झळ मात्र सोसावी लागते खऱ्या गरजूला.

कार्यकर्त्यांनी आपल्या नगरपालिकेकडे एवढे मागावे: दाराशी दोन खुर्च्या, मागेल त्याला; रांगेच्या कडेने बाके; आणि आपली पाळी न गमावता बसून राहण्याची मुभा. तिकिटात सूट हवी असेल, तर कार्ड खुशाल पाहावे.