न आलेल्या तक्रारी



अध्यक्षाने लांब बोलावं असा आपल्याकडे रिवाज आहे. पण 36 वर्षं वॉर्डात काढल्यामुळे राउंड आटोपशीर घ्यायची सवय जडली आहे, ती आज मोडणार नाही.

2008 च्या सप्टेंबरात कॅनडातल्या विनिपेग शहरात ब्रायन सिंक्लेअर नावाचे एक मूलनिवासी गृहस्थ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आले. दोन्ही पाय कापलेले, व्हीलचेअरवर, कॅथेटर तुंबलेला. 34 तास ते तिथेच बसून राहिले आणि उपचारांनी बऱ्या होणाऱ्या संसर्गाने त्याच खुर्चीत गेले. काही कर्मचाऱ्यांना वाटलं, दारू प्यायलेत. काहींना वाटलं, बेघर आहेत, आसऱ्याला आलेत.

बारा वर्षांनी क्वेबेकमधल्या जोलिएटच्या रुग्णालयात जॉयस एशाक्वान. वय 37, सात मुलांची आई, अतिकामेक या मूलनिवासी समाजातली. तिने खाटेवरूनच फोन सुरू केला आणि कर्मचारी तिला काय काय बोलत होत्या ते फेसबुकवर जगाने ऐकलं. त्याच दिवशी ती गेली. वर्णद्वेष आणि पूर्वग्रहांचा तिच्या मृत्यूला हातभार लागला, असं चौकशीत नोंदलं गेलं.

माझं मन त्या फोनवर अडतं. तिथे परिचारिकांचं नियामक मंडळ होतं, तक्रारीची रीत होती, नोंदणी रद्द करण्याचे अधिकार होते. तिला आधार वाटला तो फोनचा.

त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबिया प्रांतात चौकशी झाली. मूलनिवासी रुग्णाच्या रक्तात दारू किती, याचा अंदाज बांधण्याचा खेळ कर्मचारी खेळतात, असा आरोप होता. तसा ठरवून चाललेला खेळ सापडला नाही. मात्र सर्वेक्षणात बोललेल्या मूलनिवासींपैकी 84 टक्क्यांनी आरोग्यसेवेत भेदभाव सोसल्याचं सांगितलं. मे 2021 मध्ये डॉक्टर, परिचारिका व सुईणी, दंतवैद्य आणि औषधनिर्माते यांच्या चार मंडळांनी एकत्र माफी मागितली. (तिकडे या मंडळांना ‘कॉलेज’ म्हणतात. शिकवत तिथे कुणी नाही, शिकायची पाळी मात्र त्यांच्यावरच आली.) पुढच्या वर्षी वंशभेदविरोध हा परिचारिकांच्या व्यावसायिक मानकातच आला.

यामागचा विचार आपल्याच पेशातला आहे, याचा मला अभिमान वाटतो. इरिहापेटी रॅम्सडेन या न्यूझीलंडच्या माओरी परिचारिकेने तो मांडला: सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचं. आपण नव्हे.

माफी मागितली हे बरंच झालं. पण मंडळं बहुतेक वेळा तक्रार येण्याची वाट बघत बसतात, आणि ज्याला दुखावून पाठवलं तो पुन्हा त्या दाराशी येत नाही. अर्ज भरायला तर नाहीच नाही.

हे मला कॅनडाने शिकवलं असं म्हटलं तर खोटं होईल. मेळघाटच्या पायथ्याशी नोकरीला असताना एक कोरकू बाळंतीण रातोरात निघून गेली. मी केसपेपरवर ‘अ‍ॅब्सकॉन्डेड’ असा शेरा मारला. मराठीत फरार, चोराला लावतो तो शब्द. ती का गेली हे लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता. आदल्या संध्याकाळी तिच्या सासूला मी कोणत्या शब्दांत वॉर्डाबाहेर काढलं होतं, ते मला अजून आठवतं. त्या वर्षीच्या अहवालात तक्रारींच्या पुढे ‘निरंक’ असं लिहिलं होतं. अक्षर माझंच.