वेगाची गाडी, मंद रस्ता

१९६८ साली 'स्टेट्समन' पत्राने कलकत्त्यात जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. अशा फेरीत प्रेक्षकांची दृष्टी रंगावर खिळते. यांत्रिकाची मात्र उष्णतामापकाच्या काट्यावर. १९६१ साली जिनीव्हात प्रथम दिसलेली जग्वार ई-टाइपच घ्या. ताशी दीडशे मैलांची तिची ख्याती. पुढचे तोंड अरुंद, हवा आत शिरावयाची ती वेगाच्या जोरावर. पार्क स्ट्रीटच्या गर्दीत वेग कोठला? मग सारी मदार विजेच्या पंख्यावर. त्यात रेडिएटर गाळाने बुजलेला असला, की पाणी उकळू लागते. उतावीळ मालक तेव्हाच झाकण उघडतो आणि हात भाजून घेतो!

याहून घातक दोष मागे दडलेला असतो. तेथील ब्रेक चाकांपाशी नसून मध्यभागी डिफरन्शियलला लगटून बसविलेले आहेत. त्यांची धग तेलाच्या सीलना लागते, सील गळू लागतात, तेल ब्रेकच्या चकतीवर येते आणि ब्रेक नीट लागेनासा होतो. उभ्या गाडीत हे सहसा ध्यानी येत नाही. दुरुस्तीसाठी बहुधा मागचा सारा सांगाडाच खाली उतरवावा लागतो. तेव्हा मल्लिक बाजारात सुटे भाग धुंडाळणाऱ्याने आधी सील मागावेत. चकचकीत बंपर मागाहून.