रानपिंगळ्याचं कूळ

आपल्या सातपुड्यात भरदिवसा शिकार करणारं एक छोटं घुबड आहे, रानपिंगळा. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली आणि त्याच्यासाठी 'हेटेरोग्लॉक्स' ही स्वतंत्र प्रजाती मांडली. पुढे शंभराहून अधिक वर्षं तो कुणा अभ्यासकाला दिसला नाही. नामशेषच झाला, असं मानलं गेलं. पण १९९७च्या नोव्हेंबरात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो जिवंत सापडला! केवढी मोलाची गोष्ट ही! जळगावच्या यावल अभयारण्यातही तो आहे.

गावातला ठिपकेवाला पिंगळा 'अथेने' प्रजातीतला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानुसार रानपिंगळाही त्याच प्रजातीत बसतो. जाती मात्र निराळी. ओळखायचं असेल तर डोकं पाहा: रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतातच.