परिचर्येचे शिक्षण आणि पोटापाण्याची नोकरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



पुण्यामुंबईसारख्या शहरांत ज्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असते, त्या घरी रात्री आठच्या सुमारास एक बाई येते आणि सकाळी आठला निघून जाते. घरची माणसे तिला 'मावशी' म्हणतात; ज्या ब्युरोमार्फत ती येते, त्या ब्युरोच्या वहीत ती 'अटेंडंट' असते. रुग्णाची कूस बदलणे, पाठीला जखम होऊ नये म्हणून जपणे, नाकातील नळीतून पातळ अन्न देणे, मलमूत्र काढणे ही कामे ती वर्षानुवर्षे करीत असते. तरीही या कामाचे कोणतेही प्रमाणपत्र तिच्यापाशी नसते, आणि ब्युरोचे कमिशन वजा होऊन जे हाती पडते त्यावर तिचे घर चालते.

अशी एखादी बारावी झालेली, तिशीच्या आतबाहेरची स्त्री जिद्दीने जनरल नर्सिंगच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवते. त्या क्षणी तिच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो : रात्रीची नोकरी ठेवावी की सोडावी?

या प्रश्नाकडे आपल्याकडे निर्धाराची कसोटी म्हणून पाहिले जाते. रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकून मोठे झालेल्यांच्या कथा तिला ऐकवल्या जातात. वस्तुतः हा प्रश्न प्रथम तासांचा आहे, मग पैशांचा, आणि अखेरीस समाजाने आपली जबाबदारी कोणावर ढकलली आहे याचा आहे. याच क्रमाने त्याचा विचार करणे इष्ट होय.

आठवड्याचे तास १६८. बारा तासांच्या सहा रात्री म्हणजे ७२ तास. वर्ग आणि वॉर्ड मिळून आठवड्याला ४० तास धरू; सहा दिवस रोजचे दोन तास येण्याजाण्याचे, म्हणजे १२. बाकी उरतात ४४. दिवसाला सव्वासहा तास! त्यांतच झोप, स्वयंपाक, मुलेबाळे आणि अभ्यास. रुग्ण झोपला की बाईलाही झोप मिळते, असे यावर सांगितले जाते. परंतु जिला दर दोन तासांनी उठून कूस बदलायची असते, तिच्या झोपेला झोप म्हणणे ही थट्टा आहे. याउलट, हीच नोकरी आठवड्यातून दोन रात्रींची केली तर कामाचे तास २४ होतात आणि ९२ तास शिल्लक राहतात. म्हणजे दिवसाला तेरा तास. दोन रात्री आणि सहा रात्री यांत केवळ कमीअधिकपणाचा फरक नाही. एका बाजूला कष्टाचे का होईना पण शिक्षण आहे, दुसऱ्या बाजूला शिक्षणाचा केवळ आभास आहे.

अभ्यासक्रमाचे नियमही ध्यानात घेतले पाहिजेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार परीक्षेला बसण्यासाठी वर्गातील उपस्थिती ८० टक्के लागते. आणि प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची उपस्थिती १०० टक्के पूर्ण करावी लागते. चुकलेला वॉर्डातील दिवस भरून द्यावाच लागतो. शिवाय विद्यार्थिनीला वॉर्डातील रात्रपाळीही असते. वसतिगृहात राहणे जेथे सक्तीचे असते, तेथे तर बाहेरच्या रात्रीच्या नोकरीचा प्रश्नच उरत नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच हे विचारून घेतले पाहिजे.

आणखी एका व्यक्तीचा विचार येथे सहसा होत नाही. ती म्हणजे वॉर्डातील रुग्ण. औषधाची मात्रा काढताना दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते. तीन रात्री न झोपलेल्या विद्यार्थिनीच्या हातून अशी चूक झाली, तर दोष तिच्या एकटीच्या माथी मारला जाईल. एक सावधगिरी घरच्या रुग्णाबाबतही हवी. 'आता तू नर्सिंग शिकतेस, तर इंजेक्शन तूच दे', अशी गळ तिला घातली जाईल. नोंदणी होईपर्यंत तिने त्यास ठाम नकार द्यावा. पगार अटेंडंटचा आणि जबाबदारी परिचारिकेची, हा सौदा तिच्या हिताचा नाही आणि रुग्णाच्याही नाही.

आता पैशांचा हिशेब. सोडलेली मजुरी हा शिक्षणाचा खराखुरा खर्च असतो, हे अर्थशास्त्र सांगते; गरिबाला ते सांगावे लागत नाही. परंतु या हिशेबाची दुसरी बाजू नजरेआड होते. सहा रात्रींची मजुरी वाचवण्याच्या नादात एक वर्ष वाया गेले, तर त्या वर्षाचे शुल्क पुन्हा भरावे लागते आणि परिचारिका म्हणून मिळणारा एक वर्षाचा पगारही बुडतो. सर्व रात्री टिकवणे हा अनेकदा सर्वांत महागडा मार्ग ठरतो. तेव्हा शक्य असेल तेथे दोन रात्री ठेवाव्यात, परीक्षेच्या आणि वॉर्डातील रात्रपाळीच्या महिन्यांत त्याही सोडाव्यात, आणि प्रवेशापूर्वी काही महिन्यांचा घरखर्च गाठीशी बांधावा. घरच्यांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. बायकोच्या शिक्षणाचा अभिमान बाळगणाऱ्या नवऱ्याने तीन वर्षे चूल सांभाळली, तर त्या अभिमानाला काही अर्थ राहील.

परंतु दोन रात्री ठेवल्या तर मजुरीचा एक तृतीयांशच हाती येतो. उरलेले दोन तृतीयांश कोठून आणायचे? येथे तिचा खाजगी प्रश्न संपतो आणि आपला सुरू होतो.

१९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली विधवा व निराधार स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट खुली केली, तेव्हा शिकवण्याबरोबर राहण्याचीही सोय करावी लागते, हे त्या कार्यकर्त्यांनी जाणले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' योजनेचा दाखला येथे अनेकजण देतील. त्या योजनेत काम शिक्षणाच्या मापाने बेतलेले असे, हे मात्र ते विसरतात. ब्युरोच्या बारा तासांना ते नाव देणे हा कर्मवीरांवर अन्याय होय.

इंग्लंडचा अनुभवही बोलका आहे. तेथे परिचर्येच्या विद्यार्थ्यांना मिळणारे शासकीय विद्यावेतन २०१७ साली नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद करून त्यांना कर्जाकडे वळवण्यात आले. २०२० साली वर्षाला किमान पाच हजार पौंडांचे अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. त्याच काळात तेथे अशीही वाट काढण्यात आली की, रुग्णालयातील साहाय्यक कर्मचाऱ्याने नोकरीत राहून, पगार घेत, परिचर्येची पदवी मिळवावी. नोकरी की शिक्षण, हा पेच निसर्गनियम नाही. व्यवस्था बदलली की तो सुटू शकतो, एवढे यावरून दिसते.

शिक्षणाचे फळ काय मिळते, हाही प्रश्न आहेच. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली. पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस त्या समितीने केली. केरळात परिचारिकांनी लढा दिला, म्हणून २०१८ साली तेथे किमान वेतन वाढले. शिफारस कागदावर असते. ती पगारपत्रकावर आणते ती संघटना.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. परिचर्येच्या विद्यार्थिनीला जगण्यापुरते विद्यावेतन मिळावे. अटेंडंट आणि आशा म्हणून वर्षे काढलेल्या स्त्रियांच्या अनुभवाला प्रवेशात वजन असावे. ब्युरोंवर नियंत्रण यावे आणि त्यांच्या कमिशनला मर्यादा पडावी.

मात्र मागण्या मान्य होईपर्यंत ती स्त्री थांबू शकत नाही. तिचे प्रवेशपत्र आले आहे आणि शुल्काची तारीख ठरली आहे. ज्या वस्तीत आपली शाखा आहे, तेथे अशा किती जणी आहेत, याची यादी पुढच्या बैठकीपूर्वी तयार व्हावी. एकीला अभ्यासासाठी शांत खोली हवी असेल, दुसरीच्या मुलाला संध्याकाळी सांभाळणारे कोणी हवे असेल, तिसरीला हप्त्यापुरते बिनव्याजी पैसे हवे असतील. यातील एकही गोष्ट शाखेच्या आवाक्याबाहेरची नाही. नोकरी ठेवावी की सोडावी, हे अखेर तिनेच ठरवायचे आहे. मात्र तो निर्णय तिला भीतीने न घेता हिशेबाने घेता यावा, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.