शहरातील स्वस्त घराची किंमत

(जांब समर्थ येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



१६०८ साली नारायण सूर्याजी ठोसर ज्या गावात जन्मला, त्या गावात आज मी बोलतो आहे. लग्नमंडपात ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो बारा वर्षांचा मुलगा उठून निघून गेला, ही परंपरेने चालत आलेली कथा आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे. आज या गावातून तरुण निघतात ते वैराग्यामुळे नव्हे. दोन एकर कोरडवाहूवर चार माणसांचे पोट भरत नाही म्हणून. कोणी वाळूजच्या कारखान्यात कंत्राटावर लागतो, कोणी चिकलठाण्यात. पाच-सात वर्षे भाड्याच्या खोलीत काढल्यावर घरात विषय निघतो : एक एकर विकू आणि छत्रपती संभाजीनगरात स्वतःचे घर करू. माझे आजचे बोलणे त्या क्षणासंबंधी आहे.

अशा वेळी घरात तुलना होते ती एकाच गोष्टीची, दराची. ही वस्ती महाग, ती स्वस्त. आपल्याला परवडते ती घ्यावी. यात गैर काहीच दिसत नाही. परंतु जमीन महाग होते कशाने, याचा विचार आपण शेतकरी असूनही करीत नाही. शेताची किंमत मातीवरून आणि पाण्यावरून ठरते. शहरातील जागेला माती नसते. तिची किंमत ठरते ती तिच्याभोवती दुसऱ्यांनी काय केले आहे त्यावरून : रस्ता कोणी केला, सांडपाण्याची वाहिनी कोणी टाकली, नळ कोठवर आला, शाळा किती अंतरावर आहे, आणि कागदावर मालकाचे नाव निर्वेध आहे की नाही. यांपैकी बहुतेक कामे सार्वजनिक पैशातून होतात. म्हणजे महाग वस्तीचा महागपणा हा पुष्कळ अंशी आपल्या सर्वांच्या करातून निर्माण झालेला असतो; तो खिशात मात्र एकाच्या जातो.

याचे उत्तम उदाहरण त्याच शहरात आहे. १९७२ साली, म्हणजे आपल्याकडे दुष्काळाने माणसे खडी फोडायला लावली त्याच वर्षी, नवे औरंगाबाद वसविण्याचे काम ‘सिडको’कडे सोपविण्यात आले. शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या. त्यांना मिळालेल्या मोबदल्याविषयी माझे मत चांगले नाही, तो विषय निराळा. पण त्या जमिनीवर आधी रस्ते, वाहिन्या, मोकळ्या जागा आखल्या गेल्या आणि मग घरे आली. जालना रस्त्यालगतच्या एन-१ मध्ये मोठे भूखंड आणि बंगले. एन-११, एन-१३ च्या बाजूला अल्प उत्पन्नवाल्यांची लहान घरे. भेद तेथेही होताच. तथापि लहान घराच्या दारातही रस्ता होता, गटार होते आणि घरवाल्याच्या हातात एका सार्वजनिक संस्थेचा कागद होता. २००६ मध्ये सिडकोने ही वसाहत महानगरपालिकेकडे सोपविली. आज त्या ‘गरिबांच्या’ घरांची किंमत कंत्राटी कामगाराच्या आवाक्याबाहेर गेली आहे.

मग तो कामगार जातो कोठे? १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा मोठा कारखाना सुरू झाला. बजाजनगर ही आखीव वसाहत तेथे उभी राहिली खरी. पण कामगार त्याहून कितीतरी अधिक होते. ते रांजणगाव शेणपुंजीत, जोगेश्वरीत, वडगाव कोल्हाटीत जागा शोधू लागले. शहराच्या इतर कडांनाही तेच झाले. शेतजमिनीचे वीस बाय तीसचे तुकडे पडले आणि ‘गुंठेवारी’ हा शब्द वस्तीचे नाव बनला. अशा वसाहती त्या शहरात शंभराहून अधिक आहेत.

या व्यवहारातील फसगत कागदात आहे. जमिनीच्या तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. पुढे त्याला अनेक दुरुस्त्या झाल्या. पण तुकड्याची नोंदणीकृत खरेदी होत नाही म्हणून शंभराच्या बाँडपेपरवर विक्री लिहून देण्याची रीत पडली. (आता तो कागद पाचशेचा झाला, त्याचे बळ वाढलेले नाही.) अशा कागदाने किंवा नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले. २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांना तो लागू होता. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. म्हणजे वीस वर्षे लोक नाइलाजाने बेकायदा राहिले आणि नंतर कायदेशीर होण्यासाठी त्यांनीच शुल्क भरायचे! तुकडा पाडून विकणारा तोवर पुढच्या गटात तुकडे पाडीत होता.

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. आपण आपले घालावेत. आखीव वस्तीत दोन खोल्यांचे घर १८ लाखांना, गुंठेवारीत तेवढेच घर ११ लाखांना. एकर विकून हाती ६ लाख आले. पहिल्या घरासाठी १२ लाखांचे कर्ज हवे, दुसऱ्यासाठी ५ लाखांचे. पहिल्याला बँक नऊ टक्क्यांनी देईल. पहिल्या वर्षाचे व्याज साधारण १ लाख ८ हजार. दुसऱ्याला बाँडपेपरवर बँक दारात उभी करीत नाही; तो शेकडा दोन रुपये महिन्याने खाजगीत काढतो. वर्षाचे व्याज १ लाख २० हजार. म्हणजे स्वस्त घरवाला अर्ध्याहून कमी कर्जावर अधिक व्याज भरतो! शिवाय टँकरचे महिना सहाशे, कामावर जाण्यायेण्याचे जादा दीड हजार धरले, तर वर्षाला आणखी २५ हजार २००. मुद्दल दोघांनाही फेडायचेच आहे, आणि पहिल्याचे ते मोठे आहे, हे मी लपवीत नाही. पण सात लाखांची ‘बचत’ हळूहळू कोठे जाते ते पाहा.

यावर कोणी म्हणेल, मग माणसे पहिलेच घर का घेत नाहीत? अडाणी आहेत म्हणून? नाही. बँक पगाराची चिठ्ठी मागते आणि कंत्राटदार ती देत नाही. गरीब माणूस स्वस्त वस्ती निवडीत नाही. इतर सर्व दारे बंद झाल्यावर उरते ती वस्ती त्याची होते. आणि बंद दारांत दराचे दार एकटे नाही. पैसे जमविलेल्यालाही काही वस्त्यांत प्रथम आडनाव विचारतात आणि नंतर घर ‘नुकतेच गेले’ असे सांगतात. त्या शहरातल्या समर्थनगरात, समर्थांच्या जन्मगावच्या शेतमजुराने चौकशी तरी करून पाहावी!

पाण्याचे तर काय सांगावे. ज्या जायकवाडीचा डावा कालवा आपल्या तालुक्यातून जातो, तेथलेच पाणी त्या शहराला जाते. तेथे वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येत राहिले. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. टंचाई महाग वस्तीलाही बसते. फरक एवढाच की तेथे गच्चीवर मोठी टाकी असते आणि गुंठेवारीत निळे पिंप.

म्हणून आमची मागणी ‘सर्वांना महाग घर’ अशी नाही. सार्वजनिक संस्थेने पुन्हा जमीन घ्यावी, शेतकऱ्याला न्याय्य मोबदला द्यावा, वाहिन्या आधी टाकाव्यात, लहान भूखंड नोंदणीकृत कागदाने द्यावेत, आणि कंत्राटी कामगाराचे वेतन बँकेतून होईल याची सक्ती करावी. १९७२ मध्ये जे सुचले ते आज सुचू नये असे काही घडलेले नाही. नागरी जमीन कमाल धारणेचा १९७६ चा कायदा मात्र राज्याने २००७ मध्ये गुंडाळला.

तोवर, विसार देण्याआधी एवढे कराच. जागा भर पावसात आणि उन्हाळ्यात, दोनदा पाहा. सातबारा, अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन मागा. ‘पुढे होईल’ हे उत्तर म्हणजे ‘नाही’. शेजारच्या बाईला विचारा, पाणी किती दिवसांनी येते. दलालाला विचारू नका. येथे फेरफारातील एका ओळीसाठी आपण तलाठ्याकडे दहा खेटे घालतो. तेथे आयुष्याची कमाई अर्ध्या तासात चहाच्या टपरीवर देऊन मोकळे होतो.

काहीजणांनी आज आपले कागद बरोबर आणले आहेत असे मला सांगण्यात आले. त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. आपण ते एकेक वाचू.